पोशाख चित्रात उतरवताना : वाचकांचे प्रश्न

जुन्या काळचा पोशाख चित्रकलेच्या नजरेनं पाहणाऱ्या, तो रेखाटणाऱ्या आणि जपणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथली अडचण हातानं करून पाहिल्याशिवाय सुटत नाही.

प्रश्न : १७७०च्या सुमाराची फ्रेंच स्त्री रंगवते. लेस, फिती, फुलं सगळं संदर्भाप्रमाणे असतं. तरी ती नाटकासाठी नटलेली आजची बाईच वाटते. कुठे चुकतं?

उत्तर : लेस बरोबर असेल, पण तिच्या आतलं अंग आजचं असणार. त्या काळचा पोशाख थरांनी चढतो. अंगालगत लिननचा सैल झगा, त्यावर ताठ कॉर्सेट, म्हणजे धड आवळणारी चोळी, कमरेच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे झगा बाजूंना फुगवणारा सांगाडा, त्यावर परकर आणि सगळ्यात शेवटी तो रेशमी झगा. आतलं काही दिसत नाही, पण बाहेरची रेषा ठरते ती त्यानंच.

अठराव्या शतकातल्या कॉर्सेटचा आकार डमरूसारखा नसतो. तो टोक खाली केलेल्या शंकूसारखा असतो. छाती वर उचललेली आणि समोरून सपाट, तिथून कमरेपर्यंत जवळजवळ सरळ रेषा. कंबर आवळून वर-खाली फुगवलेली आकृती ही पुढच्या शतकाची, आणि बहुतेक चित्रकार नकळत तीच काढतात. या कॉर्सेटमधल्या पट्ट्यांना 'व्हेलबोन' म्हणत असले तरी ते हाड नव्हे. देवमाशाच्या तोंडात गाळणीचं काम करणाऱ्या ज्या लवचीक पट्ट्या असतात, त्या चिरून घातलेल्या असत. चिवट, पण वाकणाऱ्या. त्यामुळे धड लाकडासारखं ताठ दाखवू नका. वाकायचं तर माणूस कमरेत न वाकता खुब्यातून वाकतो, एवढंच लक्षात ठेवा.

दुसरी चूक पाठीवर असते आणि ती फारच थोड्यांच्या लक्षात येते. आजचा शर्ट घेऊन पाहा, खांद्याची शिवण खांद्याच्या माथ्यावर येते. १८व्या-१९व्या शतकातल्या पुष्कळ झग्यांत ती ३ ते ५ सेंटिमीटर मागे, पाठीवर उतरलेली असते. मुंढेही पाठीच्या मध्याकडे सरकलेले असतात. पाठीचा तुकडा इतका अरुंद की खांदे आपोआप मागे ओढले जातात. बाही कोपरात वाकवूनच बेतलेली. म्हणून हात सरळ खाली सोडलेला काढला, की कोपराच्या आत नको तिथे चुण्या दाखवाव्या लागतात. त्या काळच्या चित्रांत हात किंचित वाकलेले दिसतात, त्यात नखरा असेलही, पण अर्धं काम बाहीच्या कापणीचं आहे.

रेखाटताना क्रम असा ठेवा. फिक्या पेन्सिलीनं उभं राहण्याची ढब आणि उघडं शरीर. त्यावर शंकू बसवा आणि खांदे मागे घ्या. मग पॅनिअर. वरून पाहिलं तर त्याचा आकार लंबगोल, बाजूंना रुंद आणि पुढे-मागे चपटा. गोल काढलात तर शंभर वर्षं पुढे गेलात. त्यानंतर जमिनीवर घेराची लंबवर्तुळाकार रेषा मारा, म्हणजे स्कर्ट जमिनीवर टेकेल, हवेत तरंगणार नाही. झगा, लेस, फिती या सगळ्याच्या नंतर.

हेच पुढच्या काळालाही लागू. स्कर्ट फुगवणारा पोलादी कड्यांचा सांगाडा, क्रिनोलिन, १८५६च्या सुमारास आला. त्यावर एक तरी परकर असायचाच. तो विसरला की प्रत्येक कड्याची आडवी रेघ बाहेरच्या कापडावर उमटते आणि स्कर्ट आकाशकंदिलासारखा दिसतो. शिवलेल्या नाटकी पोशाखांत आणि चित्रांत, दोन्हीकडे ही चूक सर्रास दिसते. १८६०च्या दशकाच्या मध्यात त्याचा पुढचा भाग सपाट होतो आणि फुगवटा मागे सरकतो. तुमच्या चित्राचं वर्ष ठरलेलं असेल तर इकडे लक्ष द्या.

प्रश्न : साटीन काढायला जावं तर पत्रा होतो, मखमल काढायला जावं तर घोंगडी होते.

उत्तर : दोन्हींचं उत्तर विणीत आहे. साटीनमध्ये ताण्याचे, म्हणजे उभे, लांब धागे पृष्ठभागावर मोकळे तरंगत असतात. प्रकाश त्यांच्यावरून एकाच दिशेनं परततो. म्हणून घडी जिथे वळते तिथे उजेड झपकन येतो आणि झपकन जातो. मधल्या छटा फार कमी. मखमलीचं उलट. तिथे धाग्यांची टोकं उभी असतात. तुमच्याकडे थेट तोंड केलेला भाग प्रकाश गिळतो आणि गडद दिसतो. घडीच्या कडेला तेच धागे आडवे दिसतात, म्हणून कड उजळते. थोडक्यात, साटीन घडीच्या माथ्यावर चमकतं, मखमल घडीच्या कडेला. मखमलीच्या घडीच्या मधोमध उजेड टाकला की तिची घोंगडी झालीच.

साटीनचा पत्रा होतो त्याची कारणं दोन. एक, सगळे उजळ भाग सारख्याच पांढऱ्या रंगाचे आणि सारख्याच धारदार कडांचे असतात. दोन, सावलीत परावर्तित प्रकाश दाखवलेला नसतो. साटीनची एक घडी शेजारच्या घडीवर उजेड फेकते. त्यामुळे सावलीच्या पोटातही एक मंद, उबदार पट्टा दिसतो. तो गाळला की धातू.

अर्धा-अर्धा मीटर साटीन, मखमल आणि तफेता हे कडक रेशमी कापड आणा. तिन्ही एकाच खुर्चीच्या पाठीवर टाका, बाजूनं एकच दिवा ४५ अंशात लावा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. डोळे अर्धवट मिटून फक्त पाच छटा वेगळ्या काढा. मग गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, आधी मधली छटा सपाट भरा, दोन गडद छटा द्या. प्रत्येक गडद पट्ट्याची एक कड धारदार ठेवा आणि दुसरी ओल्या ब्रशनं विरघळवा. दोन्ही कडा धारदार राहिल्या की पुन्हा पत्रा. त्यानंतर परावर्तित प्रकाश. उजळ भाग सगळ्यात शेवटी, आणि तोही पांढऱ्यात कापडाचा रंग मिसळून. शुद्ध पांढरा अख्ख्या चित्रात दोन-तीन ठिकाणीच. तफेत्याच्या घड्या कागदासारख्या कोनात मोडतात, साटीनच्या नळीसारख्या उतरतात. हा फरक रंगाआधी पेन्सिलीतच दिसायला हवा.

पाहून शिकायचं असेल तर डच चित्रकार खेरार्ड टेर बोर्खच्या, १६५४च्या सुमाराच्या चित्रातली पाठमोरी स्त्री पाहा. चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठं करून पाहता येतं. चेहरा दिसतच नाही, सगळं चित्र त्या रुपेरी साटीनच्या झग्यावर उभं आहे. मोठं करून बघितलं की कळतं, पांढरा किती कमी आहे आणि राखाडी किती तऱ्हांचा आहे.

प्रश्न : पोशाखावरून चित्राचा काळ ठरवता येतो असं म्हणतात. पद्धत काय?

उत्तर : येतो, पण घाई केली तर हमखास फसायला होतं. नियम एकच : चित्रातली सगळ्यात नवी गोष्ट शोधा. चित्र त्याच्या आधीचं असू शकत नाही. जुन्या गोष्टींवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हातारी माणसं तरुणपणीच्या फॅशनचे कपडे घालतात, गरीब माणसं दुसऱ्यांचे घालतात.

पाहण्याचा क्रम असा : आधी एकूण बाह्यरेषा, मग बाही, मग गळा, मग केस. केस आणि बाही सगळ्यात वेगानं बदलतात, त्यामुळे वर्ष तिथेच सापडतं. बाहीचं एक उदाहरण जवळून पाहू. 'जिगो' म्हणून ओळखली जाणारी, बकऱ्याच्या तंगडीच्या आकाराची फुगीर बाही १८३०च्या दशकात होती आणि १८९५च्या सुमारास पुन्हा आली. दोन्ही वेळा ती प्रचंड. मग ओळखायची कशी? १८३०च्या दशकात खांदा उतरता असतो आणि फुगा खांद्याच्या खाली, दंडावर सुरू होतो. १८९५मध्ये फुगा खांद्यावरच वर उभा राहतो, जणू कानांकडे निघालाय. १८३६च्या आसपास पहिला फुगा अचानक बसतो आणि कोपराकडे घसरतो. म्हणजे बाही दंडाला घट्ट आणि खाली फुगलेली दिसली, तर तुम्ही त्या वळणावर उभे आहात.

मुघल लघुचित्रांतही अशा खुणा आहेत. टोकं लोंबणारा चाकदार जामा, म्हणजे बंदांचा घेरदार अंगरखा, दिसला तर नजर अकबराच्या काळाकडे वळवावी. जहांगीरनं १६१४मध्ये कान टोचून घेतले आणि दरबाऱ्यांनी त्याचं अनुकरण केलं. त्याच्या कानात मोती दिसला की चित्र त्याआधीचं नाही. जाम्याचे बंद कुठल्या कुशीला बांधलेत तेही पाहा. मुसलमान व्यक्तीचे उजवीकडे, हिंदू व्यक्तीचे डावीकडे, असा त्या चित्रांतला रिवाज. यावरून साल कळत नाही, माणूस कळतो.

आता सापळे. इंग्लिश चित्रकार गेन्सबरोचं निळ्या पोशाखातल्या मुलाचं प्रसिद्ध चित्र १७७०च्या सुमाराचं, पण मुलाच्या अंगावरचे कपडे त्याच्याही सव्वाशे-दीडशे वर्षं आधीच्या, व्हॅन डाइकच्या चित्रांतल्या धर्तीचे. ते हौसेनं घातलेलं सोंग आहे. सतराव्या शतकातला चित्रकार पीटर लेली याच्या चित्रांतल्या स्त्रियांनी गुंडाळलेली साटीनची सैल वस्त्रं घालून कुणी बाहेर पडत नव्हतं. ती 'काळाच्या पलीकडची' दिसावीत अशीच योजलेली. अठराव्या शतकात लंडनला योसेफ व्हॅन आकेन हा चित्रकार इतरांच्या व्यक्तिचित्रांतले फक्त कपडे रंगवून देत असे, त्यामुळे वेगवेगळ्या चित्रकारांच्या वेगवेगळ्या बायका एकाच वळणाच्या झग्यात दिसतात. डच चित्रकार फरमीरच्या कितीतरी चित्रांत पांढऱ्या फरची किनार असलेलं एक पिवळं जाकीट येतं. १६७६मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या घरातल्या वस्तूंच्या यादीत ते नोंदलेलं आहे. म्हणजे घरातलं एक जाकीट वर्षानुवर्षं वेगवेगळ्या चित्रांत येत राहिलं. असा कपडा साल सांगत नाही.

आणखी एक, सगळ्यांचा आवडता. यान व्हॅन आयकच्या १४३४च्या चित्रातली हिरव्या झग्यातली स्त्री गरोदर नाही. झगा इतका घेरदार आणि आतून फरचा, इतका जड आहे की पुढचा घोळ हातात धरल्याशिवाय चालताच यायचं नाही. तो पोटाशी धरलेला आहे. पोट किंचित पुढे काढून उभं राहणं ही त्या वेळची ढब होती.

प्रश्न : १७८०चा प्रसंग रंगवताना झगमगीत जांभळा वापरला तर चालेल का? जुने कपडे तर सगळे मळखाऊ रंगाचेच दिसतात.

उत्तर : जुने कपडे मळखाऊ नव्हते, ते विटले आहेत. झग्याची उसवलेली शिवण किंवा दुमडलेली पट्टी उघडून पाहिली, तर आत मूळ रंग दिसतो, आणि तो बहुधा चांगलाच भडक असतो. हिरवा रंग तर बहुतेक निळ्यावर पिवळा चढवून करत. पिवळा आधी उडतो. म्हणून जुन्या विणलेल्या चित्रपडद्यांतली झाडं आज निळी दिसतात. तुम्ही ती पाहून निळी झाडं रंगवलीत, तर तुम्ही १७८० नव्हे, आजचं संग्रहालय रंगवताय.

जांभळा होता, पण लाल-निळा एकावर एक चढवून, किंवा दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेला, आणि तो लवकर उडायचा. कृत्रिम जांभळा विल्यम पर्किनला १८५६मध्ये सापडला. कृत्रिम नीळ बाजारात यायला १८९७ उजाडलं. तेव्हा १७८०ला जांभळा द्या, पण त्यात किंचित तपकिरी किंवा लाल झाक ठेवा. बाटलीतून काढलेला विजेसारखा जांभळा १८५६च्या पुढचा.

काळ्याकडे हलक्यात पाहू नका. दाट, एकसारखा काळा रंगवणं फार कटकटीचं आणि खर्चिक होतं. जुन्या चित्रांतला काळा पोशाख बहुधा साधेपणाचा नसून श्रीमंतीचा असतो. तो रंगवताना नळीतला काळा सपाट फासू नका. उजेडाकडे निळसर आणि सावलीकडे तपकिरी ठेवा.

प्रश्न : गळ्याभोवतीची ती गोल चुणीदार कॉलर काढायला जमतच नाही. मोजायचं कसं?

उत्तर : तिला 'रफ' म्हणतात. आधी कागदाचा एक करा, मगच काढा. एका संध्याकाळचं काम आहे.

हिशेब असा. मानेचा घेर ३६ सेंटिमीटर, रफची रुंदी ८ सेंटिमीटर धरली, तर बाहेरचा घेर सुमारे ८६ होतो. त्यात ४० लाटा बसवा. म्हणजे मानेशी एका लाटेला ९ मिलिमीटर जागा आणि बाहेर दोन सेंटिमीटरहून जराशी जास्त. लाटेची उंची ४ सेंटिमीटर हवी असेल, तर वळणं धरून एका लाटेला साधारण ९ सेंटिमीटर पट्टी खाते. चाळीस लाटांना ३६० सेंटिमीटर. म्हणजे ३६ सेंटिमीटर मानेसाठी दहापट लांबीची पट्टी. लोक इथेच चुकतात. दीड मीटरमध्ये भागवायला जातात आणि रफऐवजी सूर्यफूल तयार होतं.

ए-३ आकाराचे ९० ते १०० जीएसएमचे (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचे) तीन कागद घ्या. प्रत्येकातून ८ सेंटिमीटर रुंदीच्या तीन लांब पट्ट्या निघतील. एक-एक सेंटिमीटर चढवून नऊ पट्ट्या जोडल्या की ३७० सेंटिमीटर होतात. दर साडेचार सेंटिमीटरवर पेन्सिलीची खूण करा. खुणेवर घडी दाबायची नाही, पेन्सिलीवरून वळवायची, एकदा वर, एकदा खाली. मानेकडच्या काठाजवळ सुईनं दोन दोरे ओवा, एक सगळ्या वरच्या वळणांतून आणि एक सगळ्या खालच्या वळणांतून. दोन्ही सारखे ओढून ३६ सेंटिमीटरवर गाठ मारा. एकच दोरा ओवला तर रफ छत्रीसारखा एका बाजूला उलटतो. बाहेरच्या काठाला शेजारच्या लाटा जिथे टेकतात, तिथे थेंबभर डिंक लावा. समोरून इंग्रजी आठच्या आकड्यांची रांग दिसली की झालं. जाड कागद वळणावर तडकतो, तेवढं सांभाळा.

काढताना आधी दोन लंबवर्तुळं काढा, मानेचं आणि बाहेरच्या काठाचं. अगदी समोरचा आठ पूर्ण काढा. बाजूला जाताना आठाची रुंदी कमी होत जाते, उंची तीच राहते. सगळे आठ सारख्या रुंदीचे काढणं हीच नेहमीची चूक. सावली प्रत्येक लाटेच्या आत मानेकडे गडद होत जाते, पण काळी कधीच नाही. लिनन पातळ असतं आणि त्यातून उजेड झिरपतो. सावलीत थोडा पिवळसर करडा ठेवा.

खऱ्या रफला खळ देऊन तापवलेल्या सळ्यांवर चुण्या बसवत. धुतला की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे एकच रफ दर वेळी वेगळ्या मापाच्या चुण्यांत बसवता यायचा.

प्रश्न : कपड्याला कला म्हणावं का?

उत्तर : प्रत्येक कपड्याला नाही. पण बेतणं आणि चित्र यांतली सीमा कधीकधी खरंच पुसली जाते. फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँनं १९६५मध्ये चित्रकार मोंद्रियानच्या रंगीत चौकटींवरून केलेले लोकरी जर्सीचे ड्रेस घ्या. चित्र कापडावर छापलेलं नाही, प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापून जोडलाय. अंगाला बसवण्यासाठी लागणारे सगळे फुगवटे-खाचा त्या काळ्या पट्ट्यांच्या शिवणींत दडवले आहेत. ड्रेस सपाट दिसतो आणि अंगावर बसतोही. त्याच्या छापील नकला अंगावर चुरगळलेल्या पोस्टरसारख्या दिसतात.

प्रश्न : विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फॅशनच्या छापील चित्रांतले सपाट, तजेलदार रंग घरी जमवता येतील का?

उत्तर : येतील. त्या पद्धतीला 'पोश्वार' म्हणतात, म्हणजे स्टेन्सिलमधून हातानं रंग भरणं. चित्रकार पोल इरीबनं १९०८मध्ये फॅशन डिझायनर पोल प्वारेच्या कपड्यांच्या चित्रांसाठी ती वापरली, आणि १९१२ ते १९२५ या काळात 'गॅझेट द्यु बों तों' या फ्रेंच नियतकालिकानं तिला शिखरावर नेलं. रेषा छापलेली, रंग हातानं. एकेका चित्राला पुष्कळ स्टेन्सिल लागत. तुम्ही पाचवर थांबा.

रेखाचित्र पक्कं करून त्याच्या दहा प्रती कोऱ्या जलरंग कागदावर काढा. दहाच्या दहा चांगल्या निघणार नाहीत, तीन-चार निघाल्या तरी पुष्कळ. कागदाच्या दोन कोपऱ्यांत अधिक चिन्हाच्या (+) खुणा करा. त्याच खुणा प्रत्येक स्टेन्सिलवर हव्यात, नाहीतर तिसऱ्या रंगाला ओठ गालावर सरकतात. प्रत्येक रंगासाठी पाव मिलिमीटर जाडीची पारदर्शक पॉलिएस्टर शीट कापा. छिद्र रेषेच्या आत अर्धा मिलिमीटर ठेवा. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडासाठी एकाआड एक पट्टे दोन वेगळ्या शीटवर कापा. सगळे एकाच शीटवर कापले तर मधल्या चिंचोळ्या पट्ट्या लोंबतात आणि त्यांच्याखालून रंग पळतो.

गुआश सायीइतका दाट हवा. पाणी जास्त झालं की तो शीटखाली शिरतो, वाया जाणारी बहुतेक चित्रं इथेच जातात. गोल, आखूड केसांचा ब्रश घ्या, रंगात टेकवा आणि जुन्या कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत आपटा. मग छिद्राच्या काठाकडून मध्याकडे गोल-गोल फिरवा. मध्याकडून काठाकडे गेलात की रंग काठाखाली ढकलला जातो. फिकट रंग आधी, गडद नंतर. दोन रंगांमध्ये पूर्ण वाळू द्या. पोश्वारची ओळख असलेली ती धुरकट छटा हवी असेल तर एका कडेला ब्रश दोनदा फिरवा, बाकी ठिकाणी एकदाच.

प्रश्न : घरात पिढ्यांपासून आलेलं एक रेशमी, जरीचं वस्त्र आहे. काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर लावायचं आहे. कसं?

उत्तर : आधी ते फ्रेम करण्याच्या लायकीचं उरलंय का, ते पाहा. आडवं टेबलावर पसरा, स्वच्छ धुतलेले कोरडे हात, अंगठ्या काढून. घडीच्या रेषांवर उभ्या चिरा पडल्यात का? हात लागताच कापड तडकतंय का? १९व्या शतकाच्या अखेरीस आणि २०व्याच्या सुरुवातीस रेशमावर धातूंचे, विशेषतः कथिलाचे क्षार चढवत. कच्च्या रेशमावरचा नैसर्गिक डिंक धुतल्यावर रेशमाचं वजन जवळजवळ पाव कमी होतं, आणि रेशीम विकलं जायचं वजनावर. ते क्षार धागा आतून कुरतडतात. असं रेशीम फ्रेममध्ये तर नाहीच, घडीतही ठेवू नका. चिरा पडायला लागल्यावर त्यावर घरगुती उपाय नाही. आडवं, सपाट, अंधारात ठेवा. काळ्या-तपकिरी भागांचंही तसंच होतं, कारण ते रंग पक्के करायला लोखंड वापरत. १९व्या शतकातलं चमकदार हिरवं कापड किंवा कापडी फूल असेल तर हातमोजे घाला आणि झटकू नका. त्या काळी हिरव्यात आर्सेनिक असायचं.

कापड धडधाकट असेल तर धुऊ नका, इस्त्री करू नका, जरीला पॉलिश करू नका. पॉलिशनं जरीवरचा पातळ मुलामा जातो आणि खालचा धागा उघडा पडतो. धूळ काढायची तर जाळी ठेवून, व्हॅक्युमची सगळ्यात कमी ओढ ठेवून, जाळीवरून.

आम्लमुक्त पुठ्ठा घ्या, त्यावर पॉलिएस्टरची पातळ गादी, त्यावर दोनदा धुतलेलं, खळ गेलेलं सुती कापड ताणून बसवा. वस्त्र त्यावर पसरा आणि बारीक सुईनं, अगदी तलम दोऱ्यानं टाचून घ्या. सुई धाग्यात नव्हे, दोन धाग्यांच्या फटीतून जायला हवी. टाके फक्त वरच्या काठाला घातले तर सगळं वजन तिथेच लोंबतं आणि काही वर्षांत काठ फाटतो. आडव्या रांगा घाला, दर १५ सेंटिमीटरवर एक, म्हणजे वजन वाटलं जातं. डिंक, दुहेरी चिकटपट्टी, टाचण्या यांतलं काहीही नको. काच कापडाला टेकता कामा नये. दोन सेंटिमीटरची पोकळी ठेवा, नाहीतर ओल धरून कापड काचेला चिकटतं. कच्च्या लाकडाची चौकट वाफा सोडते. लाकूडच हवं असेल तर कापडाच्या आणि त्याच्या मध्ये अडसर हवा.

बाह्या असलेला शिवलेला कपडा असेल तर फ्रेम विसरा. खांद्यांवर टांगला की स्वतःच्या वजनानं फाटतो. आम्लमुक्त टिश्यूचे सैल बोळे बाह्यांत आणि घड्यांत भरून पेटीत आडवा ठेवा. सहा महिन्यांनी घड्या दुसऱ्या जागी पाडा. यालाही अपवाद आहे. फॉर्च्युनी या फॅशन डिझायनरचा बारीक चुण्यांचा डेल्फॉस हा रेशमी झगा पीळ घालून, दोरखंडासारखा गुंडाळून गोल डबीत ठेवतात. पसरून ठेवला तर त्याच्या चुण्या उघडतात.

भिंत निवडताना खिडकीसमोरची नको, बाहेरची ओली भिंत नको, दिव्याखालची तर नकोच. संग्रहालयं कापडावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाहीत. साध्या बैठकीच्या खोलीत दिवसा याच्या कितीतरी पट असतो. अतिनील किरण अडवणारी काच लावली म्हणून बिनधास्त राहू नका. दिसणारा उजेडही रंग उडवतो, आणि उडालेला परत येत नाही. फ्रेमवर पडदा लावा. पाहुणे आले की उघडा, गेले की ओढा. वर्षातून तीन महिने भिंतीवर आणि बाकीचे महिने पेटीत, असं ठेवलंत तर आणखी बरं.